राखणदाराची गोष्ट, शेवटाकडून

९ जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

सोबतचं जाड पाकीट उघडण्याआधी नीट बस. हे तुला फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोनवर फक्त पोचले आणि निघाले एवढंच बोलायची पद्धत, बाकी सगळं कागदावर. म्हणून हे कागद. ही माझी कादंबरी आहे, जवळजवळ पुरी झालेली.

आता तू विचारणार, कसली. प्रेमकथा आहे, पण गुलाबी नाही. हल्ली तिला डार्क रोमान्स म्हणतात आणि पुस्तकांच्या दुकानात तिचं वेगळं कपाट असतं. यातला नायक सज्जन नसतो. तो धाक घालतो, खोटं बोलतो, दारं बंद करतो, आणि तरी वाचणारीचा जीव त्याच्यात गुंततो. माझ्या गोष्टीत एक बाई बंद पडलेल्या हॉटेलातल्या जुन्या सामानाची किंमत ठरवायला जाते. तिथे एकटा राखणदार राहतो. तो तिला सांगतो की पुढचा रस्ता खचलाय, आणि किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या कमरेला ठेवतो. रस्ता खचलेला नसतोच. पुढचं तूच वाच.

एका प्रकाशकांकडच्या संपादकबाईंनी काही प्रकरणं पाहिली. बरी आहेत म्हणाल्या. पण त्यांच्याकडे असली पुस्तकं ढिगाने निघतात, आणि ती सगळी ते एकाच लेखिकेच्या नावाने छापतात. ही लेखिका जन्मालाच आलेली नाही. तिच्या आड बसून चार जण लिहितात. चौघांचाही नायक गर्भश्रीमंत, काळ्या शर्टातला, भुवईवर व्रण असलेला. मी पाचवी व्हावं असं बाईंना वाटतं, आणि वर मलाच विचारतात की तुमच्यात नवीन काय. मला हे पुस्तक मी लिहिलंय तसं आणि माझ्या नावाने काढायचं आहे. एवढी वर्षं ऑफिसातून आल्यावर दिवाणावर मांडी घालून जे टायपत होते ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खपवायचं असेल तर मी ते काढणारच नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही. सांगेन, पण आधी तुझं मत कळू दे. गोड बोलू नकोस, खरं बोल.

तुझी माया अशीच राहू दे, पुस्तक वाचल्यावरही.

तुझी टकळी


२२ जानेवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. मी ते एकटीने वाचलं नाही. तुला रागवायचं असेल तर रागव, पण पत्र संपल्यावर.

आमची कामाची खोली तुला ठाऊक आहे. बाराही महिने टोप तयार करणं चालू, नाटकवाल्यांचे आणि आजारपणात केस गेलेल्यांचे. एकेक केस बारीक आकडीने जाळीत ओवायचा आणि गाठ मारायची. हात आणि डोळे गुंतलेले, कान मात्र रिकामे. म्हणून आमच्यात एक जण मोठ्याने वाचते आणि तिच्या वाटणीचं काम बाकीच्या मिळून उरकतात. या महिन्यात पाळी माझी होती आणि वर्तमानपत्राला सगळ्या विटल्या होत्या. मग मी तुझं पाकीट काढलं.

कागद जसे वरून खाली होते तसे वाचत गेले. पहिल्याच बैठकीत तुझ्या बाईने किल्ल्या हातात घेतल्या, हॉटेलाचं दार सताड उघडं टाकलं आणि बसथांब्यावर जाऊन बसली. राखणदार रिकाम्या हाताने मागोमाग आला. बस आली तेव्हा तिने त्याला मागच्या सीटवर बसायची परवानगी दिली. मला वाटलं, हल्ली गोष्टी इथूनच सुरू करत असतील. दुसऱ्या दिवशी वाचायला घेतलं तर ही बया नुकतीच हॉटेलात शिरत होती. तेव्हा कळलं की तू आम्हाला शेवट आधी वाढलास.

पण गंमत बघ, कुणाचंच लक्ष उडालं नाही. उलट काम मंदावलं म्हणून मला दोनदा ओरडावं लागलं. तो जिन्यात दिवा घेऊन उभा असतो आणि बोलत नाही, त्या जागी आमची सर्वांत धिटुकली पोरगी जाळी मांडीवर टाकून ऐकत बसली. माझ्याही अंगावर काटा आला, या वयात. तो वाईट आहे हे सगळ्यांना कळतं, आणि तो खोलीत आला की सगळ्या खुर्च्या पुढे सरकतात. मला लाज वाटत नाही सांगायला, माझीही सरकली. भांडणं झाली ती मागच्या सीटवरून. निम्म्या म्हणतात त्याला शेजारी बसवायला हवं होतं, निम्म्या म्हणतात बसमध्ये घेतलाच कशाला. आणि सगळ्यांचा मिळून एक प्रश्न आहे की त्या हॉटेलात स्वयंपाक कोण करतं. तुझी माणसं तीन प्रकरणं नुसती खिडकीतून बघतात. त्यांना जेवायला घाल.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्यात एक आहे, केस विंचरून जुड्या लावते म्हणून तिला फणी म्हणतो. तिचा नवरा तसा होता. बाहेरून कडी घालून कामाला जायचा. राखणदार पहिल्यांदा कुलूप लावतो ते प्रकरण आलं आणि फणी उठून बाहेर गेली. मी वाचन थांबवलं आणि तुझे कागद कपाटात ठेवले. आता सांगायचं ते असं, की दुसऱ्या दिवशी तिनेच ते कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवले. म्हणाली की ती बाई बाहेर पडते ते आपण ऐकलंय, मग वाचा. दाराजवळची खुर्ची घेऊन बसली आणि पूर्ण ऐकलं. संपल्यावर पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मी काही पुस्तकातली जाणकार नाही, पण शेवट आधी आला म्हणूनच ती बसली, हे मला दिसलं. तुझं काय ते तू ठरव.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

आत्या


३० जानेवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मला घाम फुटला. माझी कच्ची पानं तू भर खोलीत वाचलीस, तीही उलटी! पण चूक माझीच आहे. मी शेवट आधी लिहिते. नायिका सुटते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला त्या हॉटेलात पाऊल ठेवायचा धीर होत नाही. लिहिले त्या क्रमाने कागद रचले, आकडे घातले नाहीत, आणि तसेच पाकिटात कोंबले.

मग फणीबद्दल वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कामात लक्ष लागेना. तुला माहीत आहे मी काय करते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घेते. नवीन होते तेव्हा मी आधी पत्ता विचारायचे, मजला विचारायचे, आणि माणूस तिकडे किंचाळत असायचा. आता मी आधी सांगते की आमचा दुरुस्तीवाला निघालाय, तुम्ही बाहेर येणार आहात. त्यानंतर आवाज बदलतो. काही जण तर गप्पा मारतात, लिफ्टच्या आरशात पाहून केस नीट करतात. त्या बंद डब्यात काय काय आहे ते त्यांना पाहता येतं. माझ्या वाचणाऱ्यांना मी हेच द्यायला हवं होतं आणि मी ते शेवटच्या पानावर लपवून ठेवत होते.

म्हणून ठरवलं. पुस्तक बसथांब्यापासून सुरू होणार. पहिल्याच प्रकरणात ती बाहेर. नंतर आत.

संपादकबाईंना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या की शेवट पहिल्या पानावर दिला तर पुस्तक घेणार कोण. शिवाय राखणदाराला एक दुःखी बालपण द्या म्हणतात, म्हणजे वाचकाला त्याची दया येईल. मी म्हटलं, मला दया नको आहे. तो वाईट आहे हे माहीत असून तिला तो हवासा वाटतो, यातच माझी सगळी गोष्ट आहे. त्याची आई लहानपणी वारली असं लिहिलं की तिची ओढ दयेत बदलते आणि माझ्या हाती काहीच उरत नाही. बाईंनी कराराचा कागद पाठवते म्हणून सांगितलंय, त्यांच्या अटींवर. येऊ दे. मी सही करणार नाही.

फणीला माझा नमस्कार सांग. आणि स्वयंपाकाचं मान्य. राखणदार आता अंडी उकडतो, वाईट उकडतो; ती नवी पानं सोबत आहेत, बाकीच्यांत घाल.

तुझीच,
टकळी


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

प्रकृती ठीक. दुकान ठीक. पत्र लिहिण्याचं कारण ठीक नाही.

काल एका प्रकाशकाकडून पाकीट आलं. तिने त्यांना घरचाच पत्ता दिलेला दिसतो; वर आपलं आडनाव होतं, औषध कंपनीचं असेल म्हणून उघडलं. आत आमच्या कन्येच्या कादंबरीचा करार, आणि गोष्टीचा सारांश. एक माणूस एका बाईला कोंडून ठेवतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते. मी ते तसंच बंद करून तिच्याकडे पाठवून दिलं. तिला फोन केला तर म्हणते की आत्याने वाचलंय. म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

ताई, मी औषधं विकतो. माझ्या दुकानात बायका येतात, मुका मार लागल्यावर लावायचं मलम मागतात आणि जिन्यावरून पडले म्हणतात. बैठ्या घरात राहणारीसुद्धा जिन्यावरून पडते. मी मलम देतो आणि गप्प बसतो. या सगळ्याची प्रेमकथा होते हे माझ्या डोक्यात जात नाही. आणि खरं सांगू का, मला भीती वाटते की तिला स्वतःलाच असला कुणी हवा आहे.

करारात म्हटलंय की पुस्तक दुसऱ्याच एका नावाने निघेल. तेवढंच एक समाधान. तिने निदान तेवढं तरी मान्य करावं, नाहीतर दुकानाच्या पाटीवर आणि त्या पुस्तकावर एकच आडनाव दिसायचं. तुझं ती ऐकते. तू सांग.

राग पत्रावर काढला आहे, तुझ्यावर नाही. तोही थोडा आहे.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खोलीत वाचलं नाही, घाबरू नकोस. फणीला मात्र तिच्यापुरतं सांगितलं, कारण उत्तर तिच्याकडेच होतं आणि ते तुला कळवायची परवानगी मला हवी होती. तिने दिली.

फणीला मी सरळ विचारलं की तुला यात काय मिळतं. तिने हातातली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली की घरात असताना पुढे काय होणार ते कधीच कळायचं नाही, म्हणून तिने त्या माणसाकडे कधी धड पाहिलंच नाही, नुसता आवाज ऐकायची. इथे तिला ठाऊक आहे की बाई सुटते. त्यामुळे ती राखणदाराकडे नीट पाहू शकते, त्याचा राग येऊ देते, आणि तो जिन्यात उभा राहतो तेव्हा तो तिला आवडतोसुद्धा. आवडला म्हणून तिचं काही बिघडत नाही, कारण वाचन थांबवा म्हटलं की मी थांबवते. कुलपाच्या प्रकरणाला मी थांबवलंच होतं. नवऱ्याला ती आजही घरात घेणार नाही. तेवढी अक्कल आम्हा बायकांना असते बरं का.

टकळीला असला कुणी हवा आहे का, हे मला माहीत नाही. मला खुनाच्या गोष्टी आवडतात, म्हणून काही मी अजून कुणाचा खून केलेला नाही, तू जिवंत आहेस. तू लहानपणी मला भुताची गोष्ट सांगायला लावायचास आणि सुरुवातीलाच विचारायचास की मुलगा घरी येतो ना. मी येतो म्हटलं की मग चादर डोक्यावर घेऊन ऐकायचास, आणि भूत आणखी मोठं कर म्हणायचास.

तिला काहीही सांगायचं काम मी करणार नाही. नावाचंही तुमचं तुम्ही पाहा. सोबत तिच्या कागदांची नक्कल पाठवते आहे, ती लिहिते त्याच क्रमाने. सारांशावरून औषध देत नाहीस ना तू, आधी चिठ्ठी वाचतोस. मग हेही वाच. त्यानंतर तुझा राग कायम राहिला तर खुशाल ठेव.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

ताई


२ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

बाईंचा करार मी सही न करता परत नेऊन दिला. त्यासाठी अर्धा दिवस रजा काढून त्यांच्या टेबलासमोर बसले आणि बसथांब्याचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, तुझ्यासारखं. पुढच्या प्रकरणाच्या मध्यावर थांबले आणि कागद गोळा करायला लागले. बाई म्हणाल्या की थांबलात का. मी म्हटलं की शेवट तर तुम्हाला कळला आहे, आता वाचून काय करणार. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतले.

कालचा त्यांचा निरोप असा आहे. क्रम माझा राहील. बालपण नको तर नको. पण पुस्तक त्यांच्या त्या न जन्मलेल्या लेखिकेच्या नावाने दिलं तर ते भरपूर छापतील आणि दुकानांत दर्शनी मांडतील. माझ्या नावाने हवं असेल तर थोड्याच प्रती निघतील आणि त्या कोपऱ्यात पडतील. मी काय ते सोमवारी सांगायचं आहे.

माझं ठरलं आहे. थोड्या तर थोड्या. कोपऱ्यात राहीन, पण पाचवी होणार नाही. बाबांना आडनावाची काळजी आहे हे त्यांनी करार आला तेव्हा फोनवर ऐकवलंच होतं. त्यांनी नाही म्हटलं तरी मी हेच करणार. पण त्यांचा जीव दुखवून पुस्तक निघालं तर पहिली प्रत कुणाच्या हातात देऊ, हे मला सुचत नाही. त्यानंतर त्यांचा फोनही नाही कितीतरी दिवसांत. मी आज त्यांना सगळं स्पष्ट लिहून टाकलं आहे. बघू.

पाठीवर तुझा हात असण्याची मला या आठवड्यात फार गरज आहे.

टकळी


६ मार्च

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ताईने पाठवलेले कागद त्याआधीच मिळाले होते. ते मी काउंटरखाली ठेवले होते आणि गिऱ्हाईक नसताना वाचत होतो. घरी नेले नाहीत, कारण घरी नेले तर ते मी आवडीने वाचतोय असं झालं असतं.

आता माझं मत. राखणदार मला शेवटपर्यंत आवडला नाही. तो बसमध्ये बसतो तेव्हाही मला वाटत होतं की ड्रायव्हरने त्याला उतरवावं. अंडी कशी उकडतात हे त्याला नीट शिकव, इतका वेळ लागत नाही. किल्ल्यांचा जुडगा ती पहिल्यांदा हातात धरते आणि परत ठेवून देते, ते मी दोनदा वाचलं. का ठेवते हे मला कळलं, आणि कळलं याचाच त्रास झाला. माझ्या दुकानात मलम न्यायला येणाऱ्यांना मी मनातल्या मनात हाच प्रश्न विचारत आलो, की निघून का जात नाही. तू उत्तर दिलेलं नाहीस, पण मला तिच्या शेजारी उभं केलंस. तुला असला कुणी हवा आहे का, हा प्रश्न मी ताईला विचारला होता. तो मी मागे घेतो. ज्याला हवा असतो त्याला तो इतका स्वच्छ दिसत नाही.

आता झालेला घोटाळा सांगतो. परवा तुझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. मी कुलपाच्या प्रकरणात होतो. गडबडीत गोळ्या बरोबर दिल्या, पण पिशवीत बिलाऐवजी तुझं पान गेलं. तासाभराने बाई परत आल्या, पान हातात. दुकानात तेव्हा बरीच गर्दी होती. मला वाटलं आता सगळ्यांसमोर काढतात माझी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एवढंच विचारलं की ही बाई तिथून सुटते का. मी म्हटलं, सुटते. मग म्हणाल्या की पुढचं पान द्या.

मी दिलं. त्या तिथेच काउंटरला टेकून वाचत उभ्या राहिल्या, मागे रांग थांबली. मान वर न करता त्यांनी विचारलं की हे कुणी लिहिलंय. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो की माझ्या मुलीने. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर बरं वाटलं.

तेव्हा सोमवारी त्या संपादकबाईंना सांग की नाव तुझंच घालायचं, पूर्ण, आडनावासकट. थोड्या प्रती काढतील तर काढू देत. आता दुसरं नाव घालून उपयोगही नाही, इथे सगळ्यांना मी सांगून बसलो आहे.

पहिली प्रत ताईला दे, तिचा मान आहे. दुसरी मला पुरेल.

तुझा,
बाबा

ता. क. गणिताच्या बाई कुलपाचं सबंध प्रकरण घरी घेऊन गेल्या आहेत. परत देतील असं लक्षण दिसत नाही. तेवढी पानं पुन्हा टायपून पाठव.